आकाशाच्या प्रतिमेतला चौकोन कापताना

दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने टिपलेली वैज्ञानिक प्रतिमा दिसायला छायाचित्रासारखी असली, तरी संगणकाच्या लेखी ती आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांचा एक मोठा तक्ता असते, आणि या तक्त्यातील प्रत्येक घर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल, आकाशाच्या एका ठरावीक दिशेने किती प्रकाश आला याची नोंद बाळगून असतो. या द्विमितीय तक्त्याला प्रोग्रामिंगच्या भाषेत ॲरे म्हणतात. अशा तक्त्यातून हवा तेवढा चौकोन वेगळा काढणे ही आजच्या खगोलशास्त्रातील अगदी रोजची क्रिया आहे. ती इतकी साधी वाटते की तिच्याविषयी वेगळे काही सांगण्यासारखे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मात्र कापलेल्या तुकड्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरेल की खोटा, हे पुष्कळदा कापण्याच्या रीतीवरच ठरते, कारण वैज्ञानिक प्रतिमेतील पिक्सेलला त्याच्या संख्येइतकेच त्याच्या जागेचेही मोल असते.

कापण्याची गरज मुळात प्रतिमांच्या आकारातून निर्माण होते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाचे पॉइंट येथे असलेल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या प्रकल्पासाठी आकाशाचा जो मोठा भाग टिपला, त्यातील एकेक प्रतिमा २०४८ स्तंभ आणि १४८९ ओळींची, म्हणजे तीस लाखांहून अधिक पिक्सेलची आहे, आणि तीत तारे व दीर्घिका मिळून शेकडो वस्तू विखुरलेल्या असतात. चिलीतील सेरो पाचोन या डोंगरावरच्या रुबिन वेधशाळेचा कॅमेरा तर १८९ संवेदकांचा मिळून बनलेला असून त्याची एक प्रतिमा सुमारे ३२० कोटी पिक्सेलची असते. एखाद्या संशोधकाला यातील एकाच दीर्घिकेचा अभ्यास करायचा असेल, तर त्याला हवे असलेले पिक्सेल जेमतेम दहा हजार भरतात. बाकीचे कोट्यवधी पिक्सेल प्रत्येक पायरीवर सोबत वागवणे म्हणजे संगणकाची स्मृती आणि माणसाचा वेळ दोन्ही वाया घालवणे होय.

या प्रतिमा ज्या स्वरूपात साठवल्या जातात त्याचे नाव फिट्स असे आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या स्वरूपात संख्यांच्या तक्त्याच्या आधी एक शीर्षभाग असतो, आणि त्यात प्रत्येकी ८० अक्षरांच्या ओळींमध्ये प्रतिमेची सगळी माहिती लिहिलेली असते. पंचकार्डांच्या काळातला हा ८० अक्षरांचा नेम आजही टिकून आहे. प्रतिमा कधी घेतली, कोणत्या गाळणीतून घेतली, उद्भासन किती वेळ चालले ही माहिती तर तिथे असतेच, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची असते ती प्रतिमेतील पिक्सेल आणि आकाशातील दिशा यांची सांगड घालणारी माहिती. पृथ्वीवरच्या ठिकाणाला जसे रेखांश आणि अक्षांश, तसे आकाशातल्या बिंदूला विषुवांश आणि क्रांती हे दोन निर्देशक असतात. अमुक क्रमांकाचा संदर्भ-पिक्सेल म्हणजे अमुक विषुवांश आणि अमुक क्रांती, आणि तिथून एक पिक्सेल सरकले की आकाशात इतके अंतर कोणत्या दिशेला सरकले जाते, असा हा हिशेब शीर्षभागात नोंदलेला असतो. हे अंतर अंश, कला आणि विकला यांत मोजतात. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला होतात. स्लोनच्या प्रतिमेत एक पिक्सेल ०.३९६ विकलांचा असतो.

पायथन या भाषेत संख्यांच्या ॲरेतून चौकोन काढण्यासाठी खास फंक्शनची गरज नसते. नमपाय या प्रणालीत चौकटी कंसात कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आणि कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत एवढे लिहिले की काम होते. नवशिक्यांचे घोटाळे नेमके याच सोपेपणात होतात. भूमितीत बिंदूचे स्थान सांगताना आधी आडवे अंतर आणि मग उभे अंतर सांगण्याची सवय सर्वांना असते, तर नमपायमध्ये आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे आधी उभे आणि मग आडवे, असा उलटा क्रम असतो. मोजणी पायथनमध्ये शून्यापासून सुरू होते आणि फिट्सच्या शीर्षभागात एकपासून. शेवटचा जो क्रमांक लिहावा तो तुकड्यात धरला जात नाही, त्याच्या आधीच्या क्रमांकावर तुकडा संपतो. चौथी खोच सर्वांत फसवी आहे. दीर्घिका स्लोनच्या २०४८ स्तंभांच्या प्रतिमेच्या डाव्या कडेजवळ असेल आणि हिशेबाने तुकडा उणे तीसाव्या स्तंभापासून ७१व्या स्तंभाच्या आधीपर्यंत येत असेल, तर नमपाय त्या उणे चिन्हाचा अर्थ ‘उजव्या कडेपासून मागे तीस’ असा लावते. परिणामी सुरुवात २०१८व्या स्तंभाला आणि शेवट ७१व्याला अशी अशक्य मागणी तयार होते आणि कोणतीही तक्रार न करता संगणक एकही स्तंभ नसलेला रिकामा तुकडा हातात ठेवतो. हजारो वस्तूंचे तुकडे आपोआप कापणाऱ्या प्रोग्राममध्ये असे रिकामे तुकडे कुठे मिसळले आहेत हे कळायला पुष्कळ उशीर होऊ शकतो.

ही सगळी कटकट एका जागी सोडवण्यासाठी ॲस्ट्रोपाय या मुक्त संचात कटआउट-टूडी नावाची सोय केलेली आहे. खगोलशास्त्रज्ञांनी पायथनमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेली साधने एकत्र आणण्यासाठी २०११ साली ॲस्ट्रोपायचा उपक्रम सुरू झाला आणि आज जगभर पुष्कळ खगोलशास्त्रीय प्रोग्राम त्याच्या आधारावर उभे असतात. कटआउट-टूडी ही काटेकोर अर्थाने क्लास असली तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती फंक्शनसारखीच हाकारली जाते: तिला मूळ ॲरे द्यायचा, तुकड्याचे केंद्र सांगायचे, आकार सांगायचा आणि आकाशाशी सांगड घालणारी माहिती सोबत द्यायची. केंद्र पिक्सेलच्या क्रमांकात सांगता येते, तसेच थेट विषुवांश आणि क्रांती यांतही सांगता येते. आकारही पिक्सेलमध्ये किंवा विकलांमध्ये देता येतो. येथेही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की केंद्र सांगताना आडवे आधी आणि उभे नंतर हा भूमितीचा क्रम चालतो, पण आकार सांगताना उंची आधी आणि रुंदी नंतर हा नमपायचा क्रम पाळावा लागतो. एकाच हाकेत दोन उलटे क्रम असणे ही या सोयीची खरी उणीव आहे, आणि चौरस तुकडा कापताना ती दिसतच नसल्यामुळे आयताकार तुकड्याच्या वेळी हमखास नडते.

एक उदाहरण घेऊन हे काम जवळून पाहता येईल. समजा, स्लोनच्या एका प्रतिमेत एखादी दीर्घिका १०००व्या स्तंभात आणि ७००व्या ओळीत आहे, आणि तिच्याभोवती ४० विकलांचा चौरस हवा आहे. ४० ला ०.३९६ ने भागले की १०१ पिक्सेल येतात. १०१ ही विषम संख्या असल्यामुळे मधला पिक्सेल नेमका दीर्घिकेवर पडतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पिक्सेल राहतात. म्हणजे स्तंभ ९५० ते १०५० आणि ओळी ६५० ते ७५०. हाच आकार १०० पिक्सेलचा मागितला असता तर मध्य कोणत्याही एका पिक्सेलवर न पडता दोन पिक्सेलच्या शिवेवर पडला असता, आणि वस्तू अर्ध्या पिक्सेलने एका बाजूला सरकलेली दिसली असती. केंद्रस्थानी असलेली वस्तू मोजायची असेल तर विषम आकार मागावा, ही सवय म्हणूनच अनुभवी लोक लावून घेतात.

आता तुकडा मिळाला, पण त्यातला पहिला स्तंभ मूळचा ९५०वा होता ही गोष्ट त्या १०१ गुणिले १०१ संख्यांमध्ये कुठेच लिहिलेली नसते. जमिनीची फाळणी झाल्यावर नव्या तुकड्याचा गट नंबर आणि चतुःसीमा कागदावर चढवल्या नाहीत, तर माती तीच राहूनही तो तुकडा नेमका कुठला हे सिद्ध करता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. मूळ शीर्षभागात संदर्भ-पिक्सेलचा स्तंभ १०२५ असा नोंदलेला असेल, तर तुकड्याच्या शीर्षभागात तो १०२५ उणे ९५०, म्हणजे ७५ असा बदलायला हवा. कटआउट-टूडी ही वजाबाकी दोन्ही दिशांना स्वतः करते, आणि भिंगांमुळे प्रतिमेच्या कडांकडे येणाऱ्या विरूपणाचे गणित शीर्षभागात दिलेले असेल तर त्याचेही केंद्र तेवढेच सरकवते. ही वजाबाकी राहून गेली तर काय होते याचा हिशेब सरळ आहे: ९५० पिक्सेल गुणिले ०.३९६ म्हणजे ३७६ विकला, अर्थात सव्वासहा कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या व्यासाचा सुमारे पाचवा हिस्सा, इतकी ती दीर्घिका एकाच दिशेने आकाशात भलत्या ठिकाणी जाऊन बसते. इतकी मोठी चूक निदान लवकर लक्षात तरी येते. शून्यापासूनची मोजणी आणि एकपासूनची मोजणी यांच्या गोंधळातून होणारी एका पिक्सेलची, म्हणजे सुमारे ०.४ विकलेची चूक त्याहून घातक ठरते, कारण चित्र पाहून ती ओळखता येत नाही. आणि युरोपच्या गाया या अवकाशयानाने तेजस्वी ताऱ्यांची स्थाने विकलेच्या हजाराव्या भागाहूनही बारीक अचूकतेने दिलेली असताना एवढा फरक म्हणजे एका वस्तूऐवजी शेजारच्या वस्तूशी जोडी जुळण्याइतका मोठा असतो.

मूळ प्रतिमेतील कोणता भाग घेतला याची नोंदही तुकड्यासोबत राहते आणि तिचा आणखी एक उपयोग आहे. वैज्ञानिक प्रतिमा सहसा एकटी नसते. तिच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलमधील अनिश्चितता सांगणारा एक तक्ता असतो, आणि बिघडलेले किंवा वैश्विक किरणांचा मारा बसलेले पिक्सेल दाखवणारा दुसरा. मुख्य प्रतिमेचा तुकडा कापून हे दोन तक्ते तसेच ठेवले, किंवा ते वेगळ्या हिशेबाने कापले, तर चांगल्या पिक्सेलवर खराबीचा शिक्का बसतो आणि खराब पिक्सेल मोजणीत शिरतात. म्हणून तिन्ही तक्ते एकाच नोंदलेल्या सीमांनी कापायचे असतात.

वस्तू कडेजवळ असेल तेव्हा काय करावे, याचा निर्णय मात्र फंक्शन स्वतः घेत नाही, वापरणाऱ्याकडून मागते, आणि ते योग्यच आहे. मघाचीच दीर्घिका १०००व्या ऐवजी २०व्या स्तंभात असती, तर १०१ पिक्सेलच्या तुकड्यासाठी उणे ३० ते ७० हे स्तंभ लागले असते, आणि त्यांतले डावीकडचे तीस स्तंभ प्रतिमेत नाहीतच. पहिल्या पर्यायात उपलब्ध तेवढाच भाग मिळतो, म्हणजे १०१ ऐवजी ७१ स्तंभ. कोणी काही सांगितले नाही तर फंक्शन हाच मार्ग धरते. दुसऱ्या पर्यायात आकार १०१चाच राहतो आणि नसलेले तीस स्तंभ एका ठरावीक मूल्याने भरले जातात. तिसऱ्या पर्यायात फंक्शन काम थांबवून त्रुटी कळवते. पहिल्या पर्यायातला धोका असा की तुकड्याचा मध्य म्हणजे वस्तूचे स्थान हे समीकरण तिथे मोडते, कारण दीर्घिका ७१ स्तंभांच्या तुकड्यात ३५व्या नव्हे तर २०व्याच स्तंभात असते. दुसऱ्या पर्यायात भरायचे मूल्य कोणते हा प्रश्न येतो. फंक्शन आपणहून भरते ते ‘संख्या नाही’ असे सांगणारे खास मूल्य. पुष्कळ गणिते या मूल्यापाशी अडतात म्हणून त्याऐवजी शून्य भरण्याचा मोह होतो, पण शून्य ही खरी मोजणी आहे, ‘इथून प्रकाश आला नाही’ असे ती सांगते, आणि ‘इथे पाहिलेच नाही’ यापेक्षा ते फार वेगळे विधान आहे. तीस स्तंभ शून्यांनी भरलेल्या तुकड्याची सरासरी काढली तर ती खाली ओढली जाते आणि दीर्घिका आहे त्याहून मंद ठरते. न पाहिलेले आणि रिकामे यांतला हा भेद सांभाळणे हे कोणत्याही मोजमाप करणाऱ्या शास्त्राचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

संगणकाच्या स्मृतीशी संबंधित एक बाबही येथे सांगायला हवी. कटआउट-टूडी वेगळे काही सांगितले नसेल तर संख्यांची नवी प्रत तयार करत नाही, ती मूळ ॲरेवरच एक खिडकी उघडून देते. त्यामुळे काम वेगाने होते, परंतु त्या खिडकीतून दिसणाऱ्या संख्यांमधून आकाशाचा पार्श्वप्रकाश जागच्या जागी वजा केला तर तो मूळ प्रतिमेतूनही वजा होतो, आणि त्याच प्रतिमेतला पुढचा तुकडा कापताना हाती अर्धवट बदललेली प्रतिमा येते. शिवाय खिडकी उघडी आहे तोवर संगणक मूळ प्रतिमा स्मृतीतून काढू शकत नाही. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर १०१ पिक्सेलचा चौरस तुकडा सुमारे ४१ हजार बाइटचा होतो आणि स्लोनची पूर्ण प्रतिमा सव्वा कोटींच्या आसपास बाइटची. हजार प्रतिमांतून एकेक तुकडा काढून ठेवणाऱ्याला चार कोटी बाइट लागतील असे वाटत असते आणि प्रत्यक्षात संगणक बाराशे कोटी बाइट धरून बसलेला असतो. प्रत करून घेण्याची सूचना एका शब्दाने देता येते, पण ती द्यायची आहे हे आधी माहीत असावे लागते.

तुकडा किती मोठा असावा या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही फंक्शनमध्ये नाही. आकाश कधीच पूर्ण काळे नसते. वातावरणाची मंद झळाळी आणि विखुरलेला प्रकाश यांची भर प्रत्येक पिक्सेलमध्ये पडलेली असते, आणि दीर्घिकेचे खरे तेज काढण्यासाठी तिच्या आसपासच्या मोकळ्या आकाशावरून या भरीचा अंदाज घेऊन ती वजा करावी लागते. तुकडा दीर्घिकेला घट्ट धरून कापला, तर मोकळे आकाश उरतच नाही. दीर्घिकेची पसरत गेलेली मंद किनारच आकाश समजली जाते आणि वजाबाकीत दीर्घिकेचाच प्रकाश कमी होतो. उलट तुकडा फार मोठा घेतला तर शेजारचे तारे आणि दीर्घिका आत येतात आणि त्यांना वेगळे करण्याचे काम वाढते.

तुकड्याच्या सीमेवर शोध कसा अवलंबून असतो याचे फार बोलके उदाहरण २००७ साली घडले. त्या वर्षी सुरू झालेल्या गॅलेक्सी झू या प्रकल्पात स्लोनच्या प्रतिमांतून दीर्घिकांचे रंगीत तुकडे आपोआप कापून सर्वसामान्य लोकांपुढे ठेवले जात आणि दीर्घिका सर्पिलाकार आहे की लंबगोल, असे मुख्यतः त्यांना विचारले जाई. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक दीर्घिका असे आणि प्रश्न तिच्याविषयीच असे. नेदरलँड्समधील हानी फान आर्केल या शाळाशिक्षिकेने लघुसिंह तारकासमूहातील आयसी २४९७ या दीर्घिकेचा तुकडा पाहताना दीर्घिकेच्या खाली एक निळसर डाग पाहिला आणि तो काय आहे असे विचारले. पुढील निरीक्षणांतून तो एक प्रचंड वायुमेघ असल्याचे दिसून आले; त्या दीर्घिकेच्या गाभ्यातील कृष्णविवराभोवती पूर्वी क्वेसारसारखे प्रखर तेज होते, ते पुढे मंदावले, पण वाटेत असलेला त्याचा प्रकाश अजूनही या मेघाला उजळत होता. आयनीभूत ऑक्सिजनमुळे हबल दुर्बिणीच्या प्रतिमेत तो हिरवा दिसतो. दीर्घिकेचा प्रकार ठरवण्यासाठी भोवतालच्या मोकळ्या आकाशाची काहीच गरज नव्हती. काटकसर म्हणून तुकडे दीर्घिकेच्या कडेपर्यंतच कापले असते तर प्रश्नाचे उत्तर तसेच मिळाले असते आणि डाग मात्र त्या शिक्षिकेच्या नजरेला पडलाच नसता.

आज हीच आपोआप कापण्याची रीत रोजच्या आकाशनिरीक्षणाच्या केंद्रस्थानी आलेली आहे. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरचा झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी हा सर्वेक्षण-प्रकल्प एकाच प्रतिमेत ४७ चौरस अंश आकाश टिपतो आणि तेथे काही नवे किंवा बदललेले दिसले की जगभरच्या शास्त्रज्ञांना सूचना पाठवतो. या सूचनेसोबत पूर्ण प्रतिमा न पाठवता ६३ गुणिले ६३ पिक्सेलचे, म्हणजे सुमारे एक कला रुंदीचे, तीन तुकडे पाठवले जातात. एक आजचा, दुसरा त्याच जागेचा पूर्वीचा आणि तिसरा दोहोंमधल्या फरकाचा. तिन्ही तुकडे एकाच दिशेच्या त्याच पिक्सेलवर नेमके बसलेले असतील तरच तिसऱ्यात उरलेला ठिपका खरा. ते किंचितही सरकलेले असतील तर प्रत्येक जुन्या ताऱ्याच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी किनार उमटते आणि काहीच न घडलेल्या जागी काही घडल्याचा भास होतो. लडाखमध्ये हानले येथे भारतीय ताराभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून उभारलेली ७० सेंटिमीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीण अशा सूचनांचा पाठपुरावा करते, आणि तिला कुठे वळवायचे हे ठरवण्याच्या कामी असेच इवलेसे चौकोन उपयोगी पडतात.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या स्यूट या सौर दुर्बिणीच्या बाबतीत तर कापण्याचे काम पृथ्वीवर प्रतिमा पोहोचण्याच्याही आधी होते. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेल्या आदित्य-एल१ यानावर बसवलेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे अतिनील किरणांतले रूप टिपते. तिच्या संवेदकावर ४०९६ गुणिले ४०९६, म्हणजे पावणेदोन कोटींच्या जवळपास पिक्सेल असून एका पूर्ण प्रतिमेला, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट धरले तरी, ३.३ कोटींहून अधिक बाइट लागतात. एखाद्या सौरज्वालेत दर काही सेकंदांनी होणारे बदल पाहायचे असतील तर इतक्या अंतरावरून इतक्या वेगाने पूर्ण प्रतिमा पाठवता येत नाहीत, म्हणून सूर्यबिंबावरील निवडक भागाचाच चौकोन वाचून पाठवण्याची सोय तीत आहे, आणि ज्वाला कुठे उसळली हे ओळखून तो चौकोन त्या जागी नेण्याची तजवीजही यानावरच केलेली आहे. संगणकावर कापलेला तुकडा चुकला तर मूळ फाइल पुन्हा उघडून नव्याने कापता येतो. येथे मात्र चौकोनाबाहेरचे पिक्सेल कोणत्याच फाइलमध्ये येत नाहीत, आणि चौकोनाच्या सीमा व सूर्याच्या केंद्रापासून त्याचे अंतर यांची जी नोंद शीर्षभागात येते, तिच्यावरूनच तो सूर्याच्या कोणत्या भागाचा आहे हे पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ठरवावे लागते.